घाटावरचा ट्रॅक्टर

आप्पांना काहीही विचारा, उत्तर देण्याआधी त्यांचा उजवा हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग ते म्हणायचे, "अजून पयल्या गेरातच हाय." चहा घेणार का विचारलं तरी हेच, तब्येत कशी आहे विचारलं तरी हेच. पुढचे सगळे गेर शिल्लक आहेत, घाई कसली, असा त्याचा अर्थ. मला राग यायचा. अरे, माणूस चहाला हो म्हणतोय की नाही, एवढं तरी कळू द्या!

माझं टोकावड्याला हमरस्त्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडी. तुम्ही मुरबाडहून माळशेजला गेला असाल तर माझ्या दारावरूनच गेला आहात. तुमचं लक्ष पुढच्या ढाब्यावरच्या भज्यांकडे असणार, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आप्पांचं गाव तिथून आत, डोंगराच्या पायथ्याला. घरी नवरा-बायको दोघंच, मुलगी शहापूरला दिलेली. शेजारच्या घरात धाकटा भाऊ.

आमच्याकडे गेल्या काही वर्षांत माळ विकले गेले. ज्यावर भात होत नाही अशी डोंगरउताराची जमीन मुंबईची माणसं बंगल्यासाठी घेतात. ज्याचा माळ जातो तो आधी घरावर स्लॅब टाकतो, मग दारात गाडी आणतो, मग गावभर मटण घालतो. आप्पांनीही माळ विकला. त्या माळावरच्या बंगल्याचं गेट मीच केलं, तेव्हा मला कुणाला नावं ठेवायला तोंड नाही. पण आप्पांनी स्लॅब टाकला नाही. ते घाट चढून वर मेव्हण्याकडे गेले आणि येताना ट्रॅक्टर घेऊन आले.

साधासुधा नव्हे. चारही चाकांना जोर असलेला, मागचं चाक माझ्या छातीला लागेल एवढा. घाटावर शेतं सपाट आणि लांबरुंद. तिथं असला ट्रॅक्टर सुटला की दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दिसेनासा होतो. मेव्हण्यानं आप्पांना एकदा त्यावर बसवलं आणि तिथंच माणूस कामातून गेला. अख्खा माळशेज घाट स्वतः चालवत उतरले. माझ्या दुकानासमोर थांबले तेव्हा चेहरा असा, की वरातीतला नवरा बरा.

आता आमची भातखाचरं कशी, ते घाटाखालच्या माणसाला सांगायला नको. पायरीपायरीनं उतरणारी. काही तर अशी, की बैलजोडी आत गेली की नांगरणाऱ्यानं बाहेर उभं राहावं. मी तोंडावर विचारलं, "आप्पा, हा वळणार कुठं?" हात बॉनेटवर. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ट्रॅक्टर घेतला त्यात काही वाईट नव्हतं. खरी चूक त्याआधीच होऊन गेली होती.

भावाभावांची वाटणी झाली तेव्हा दोघांच्या वाट्याला एकेक बैल आला. हे आमच्याकडे नवीन नाही. बैल वाटले तरी जोडी मोडायची नसते. एक बैल याचा, एक त्याचा. आज थोरल्याची नांगरणी, उद्या धाकट्याची. बापाचं एक मोठं खाचर होतं, त्याच्या मधोमध वाटणीचा बांध पडला होता. पण बैल तेच, नांगर तोच, त्यामुळे तो बांध कुणाला कधी टोचला नाही. आप्पांनी काय केलं, ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून म्हसा गावच्या जनावरांच्या जत्रेत आपला बैल विकून टाकला. धाकट्याला म्हणाले, तुझं पण मीच नांगरून देईन, आता बैल कशाला. त्याच्या गोठ्यात एकटा बैल राहिला. एकट्या बैलाचं काय करायचं, सांगा तुम्हीच.

पाऊस पडला, चिखलणीला आप्पांनी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं चढवली आणि खाचरात घातला. पुढे गेला तो झकास गेला. वळायची वेळ आली आणि जागा संपली. पुढची चाकं मधल्या बांधावर चढली, बांध फुटला, वरचं पाणी धाकट्याच्या खाचरात घुसलं आणि कोपऱ्यात लावणीसाठी वाढवलेलं त्याचं रोप घेऊन गेलं. धाकटा फावडं घेऊन आला, एकट्यानं बांध घातला, घरी गेला. त्या साली त्यानं दुसऱ्याकडून रोप मागून आणलं आणि पॉवर टिलर भाड्यानं. चार शिव्या दिल्या असत्या तरी आप्पांना बरं वाटलं असतं. त्यानं बोलणंच टाकलं.

मग आप्पा ती लोखंडी चाकं ट्रॉलीत घालून माझ्याकडे आले. म्हणाले, रुंदी कापून कमी कर. मी समजावलं की अडचण चाकाच्या रुंदीची नाही, ट्रॅक्टरच्या लांबीची आहे, आणि लांबी काही मला कापता येणार नाही. ऐकतील तर आप्पा कसले. कापली. कापलेले तुकडे मी भंगाराच्या ढिगावर फेकायला निघालो तर मला अडवलं.

"भंगारात नको टाकू रे. लागतील."

"कधी?"

हात बॉनेटवर. "बांध निघाला की."

तेव्हा मला कळलं या माणसाला काय हवंय. बापाचं खाचर पूर्वीसारखं एक करायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ट्रॅक्टर काढायचा. एकदाच काढायला मिळाला तरी पुरे. पण बांध दोघांचा, आणि जो बोलतच नाही त्याला विचारणार कसं? मी ते तुकडे दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात उभे करून ठेवले. येता-जाता पायाला लागायचे, की मी आप्पांच्या नावानं ओरडायचो.

अरुंद केलेल्या चाकांनी काही फरक पडला नाही, हे सांगायला नको.

मग एवढा मोठा ट्रॅक्टर करायचा काय? पावसाळ्यात फिरायला आलेल्यांच्या गाड्या चिखलात रुततात, त्या आप्पा ओढून काढायचे. एकदा एसटी गटारात उतरली, ती काढली. त्या दिवशी आप्पा दुकानात बसून अर्धा तास ड्रायव्हरनं काय म्हटलं, कंडक्टरनं काय म्हटलं ते सांगत होते. दसऱ्याला विकलेल्या बैलाची घुंगुरमाळ ट्रॅक्टरच्या गळ्यात. आता ट्रॅक्टरला गळा कुठं असतो, पण आप्पांनी शोधून काढला होता. रोज ओढ्यावर नेऊन धुवायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, आणि ते फडकं म्हणजे बायकोचं लुगडं फाडलेलं. वहिनी एकदा दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या, "याच्यापेक्षा सवत परवडली असती. भांडी तरी घासली असती."

त्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत मी लोखंडी खुंट्या विकायला बसलो होतो. बघतो तर बैलबाजारात, बैलांच्या रांगेत, दोन खिल्लारी जोड्यांच्या मधे आप्पांचा ट्रॅक्टर. घुंगुरमाळ घातलेला. व्यापारी थट्टेनं दात बघायला मागत होते. एकानं किंमत विचारली तर आप्पा गंभीरपणे म्हणाले, "इकायला नाय आणला. दाखवायला आणलाय." मी पोट धरून हसलो. पण मग माझ्या ध्यानात आलं की धाकटाही जत्रेत आलाय आणि लांबून बघतोय. आपल्या एकट्या बैलाला जोडीदार मिळतो का ते बघत फिरत होता. त्याला मिळाला नाही. माझं हसणं तिथंच संपलं.

पुढच्या पावसाळ्यात, लावण्या उरकल्या होत्या तेव्हा, सकाळी आप्पांचा फोन आला. गेट उचलायचा कापडी पट्टा घेऊन ये, ताबडतोब. धाकट्याचा बैल ओढ्याच्या गाळात रुतला होता. मी गेलो तेव्हा निम्मं गाव काठावर होतं. बैल पोटापर्यंत आत, डोळे पांढरे, आणि धाकटा छातीपर्यंत चिखलात उभा राहून त्याची मान वर धरून होता. शिंगांना दोर बांधून लोकांनी ओढून पाहिलं होतं, त्यानं बैल आणखी खचला होता.

आप्पा ट्रॅक्टर धुवायचे ती जागा वेगळी, इथपर्यंत ट्रॅक्टर आणायला वाट नव्हती. होती ती खाचरांतून. जवळची धाकट्याच्या लावणीतून, लांबची आप्पांच्या. आप्पांनी ट्रॅक्टर आपल्या खाचरात घातला. हिरवीगार लावणी चाकांखाली गेली, एक बांध फुटला, दुसरा फुटला. आप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. काठावर आणून फिरवून उभा केला, आम्ही पट्टा बैलाच्या पोटाखालून सारला, हुकाला साखळी लावली.

आता तो ट्रॅक्टर म्हणजे ट्रक ओढणारा. जरा झटका बसला तर बैलाचं हाड राहिलं नसतं. धाकट्यानं मान वर केली नाही. बैलाच्या कानाशी बोलावं तसं म्हणाला,

"हळू घे, दादा."

वर्ष उलटून गेलं होतं त्याला दादा म्हणून. आप्पांचा हात बॉनेटपर्यंत पोचत नव्हता, ते सीटवर होते. स्टेअरिंग धरूनच म्हणाले, "पयल्याच गेरात हाय."

आणि खरंच, चाक फिरतंय की नाही हे बघायला वाकावं लागत होतं. मी आयुष्यात जड वस्तू खूप उचलल्या. इतक्या हळू उचललेली एकही आठवत नाही. बैल बाहेर आला, थरथरत उभा राहिला, धाकट्यानं त्याला मिठी मारली आणि मोठ्यानं रडला. आप्पा खाली उतरले नाहीत. त्यांचंही काही खरं नव्हतं, मी जवळून पाहिलं.

वाटलं, आता हे दोघं बसतील, बोलतील, बांध निघेल. तसं काही झालं नाही. आमच्याकडची माणसं एवढ्या पटकन बोलत नाहीत. त्या हिवाळ्यात आप्पा पुन्हा म्हशाला गेले. येताना दुकानासमोर थांबले तर ट्रॉलीत बैल. धाकट्याच्या बैलाच्या उंचीचा, त्याच्याच रंगाचा. मी म्हटलं, आप्पा, मग आता ट्रॅक्टरचं काय? ते ट्रॉलीपाशी गेले आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"अजून पयल्या गेरातच हाय."

पुढच्या पावसाळ्यात जोडी पुन्हा जुंपली गेली. आज थोरल्याचं, उद्या धाकट्याचं. ट्रॅक्टर माझ्याच हातच्या शेडीखाली उभा. मी मुद्दाम एक दिवस गेलो बघायला. आप्पा नांगर धरून होते आणि मधल्या बांधाशी वळताना दर खेपेला शेडीकडे बघत होते. बांधाचा विषय त्यांनी काढला नाही, धाकट्यानंही काढला नाही. मला मधे पडावंसं वाटलं, पण हे भावाभावांचं. मी चहा पिऊन परत आलो.

कापणी झाल्यावर मोकळ्या शेतात त्यांनी धाकट्याला ट्रॅक्टर शिकवायला घेतला. धाकट्यानं जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. वहिनी सांगत होत्या, दोघं सीटवर दाटीवाटीनं बसतात, रोज तेवढाच एक गेर, गावातली पोरंटोरं हसून लोळतात. मी आप्पांना चिडवलं, दुसरा गेर कधी दाखवणार? म्हणाले, हात बसू दे, घाई कसली.

चैत्रात आप्पा गेले. झोपेतच. मी गेलो तेव्हा अंगणात माणसं होती आणि शेडीत ट्रॅक्टर, पुसलेला. मला वाटलं होतं मी घट्ट माणूस आहे. त्या बॉनेटवर हात ठेवला, ते गार लागलं, आणि मी अंगणातल्या माणसांकडे पाठ करून शेडीतच उभा राहिलो.

परवा पाऊस सुरू व्हायच्या आधी हमरस्त्यावर हॉर्नचा नुसता कालवा ऐकू आला. बाहेर येऊन बघतो तर घाटाकडे निघालेल्या गाड्यांची ही रांग, आणि सगळ्यांच्या पुढे आप्पांचा ट्रॅक्टर, माणसाच्या चालीनं. वर धाकटा, दोन्ही हातांनी स्टेअरिंग गच्च धरलेला. दुकानासमोर थांबला. ट्रॉलीत ती अरुंद केलेली लोखंडी चाकं.

"पयल्यासारखी रुंद करून द्या," तो म्हणाला. "बांध काढला. जागा झालीय."

मी मागच्या कोपऱ्यात गेलो. तुकडे गंजले होते, पण होते सगळे. घासले आणि जोडायला बसलो. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. काम संपल्यावर मी म्हटलं, अहो, रस्त्यावर तरी दुसरा गेर टाकायचा, लोक शिव्या घालतात.

त्यानं सवयीसारखा हात बॉनेटवर ठेवला. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"दादानं पयलाच शिकवलाता," तो म्हणाला. "दुसरा राह्यला."

आणि तसाच, पहिल्या गेरात, मागे वाढत चाललेली रांग घेऊन तो गावाच्या फाट्याकडे गेला. फाटा माझ्या दारातून दिसतो. ट्रॅक्टर तिथं वळेपर्यंत मी उभा होतो. बराच वेळ लागला.