राजेंद्रच्याच प्रोसेस का पडायच्या?

आई दृष्ट काढायला लागली की मी म्हणायचो, मीठ-मोहऱ्या वाया घालवू नकोस. आजही तेच म्हणेन. तरी हे लिहितोय, कारण या अनुभवाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. सातपूरला एका लहान कंपनीत आम्ही कारखान्यांसाठी कॉम्प्युटर बनवायचो. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम तपासायचं काम माझ्याकडे आणि राजेंद्रकडे होतं. तो सटाण्याचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. दोघांनी आपापले प्रोग्रॅम लिहायचे, सगळे एकदम चालवायचे आणि भार वाढवत न्यायचा... मशीन कुठे मान टाकतं ते बघायचं.

त्याचे प्रोग्रॅम माझ्यापेक्षा चांगले होते. मला ते आधीच दिसलं होतं. साहेबांना दिसलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं — गिऱ्हाइकाला डेमो राजेंद्र देणार, आणि पुढे विभागही तोच सांभाळणार. मी टाळ्या वाजवल्या. डबा मात्र तसाच घरी नेला.

त्यानंतर त्याच्या प्रोसेस, म्हणजे मशीनवर चालू असलेले त्याचे प्रोग्रॅम, मधेच बंद पडायला लागल्या. फक्त त्याच्याच. मेमरीचं कार्ड बदललं, स्टॅबिलायझर बदलला, आमच्या टर्मिनलची अदलाबदल केली... काही फरक नाही. मी एक दिवस रजेवर होतो, तर दिवसभर सगळं सुरळीत. परत आलो, खुर्चीत बसलो, त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं — बंद.

"भाऊ, तुम्ही जरा चहा पिऊन या बरं," राजेंद्र म्हणाला. मी गेलो, तोवर चालू राहिलं. आलो आणि पडलं.

"माझ्या अंगात करंट असेल," मी हसलो. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नावाची प्रोसेस पुन्हा माझ्यादेखत पडली. "हाई काय शे..." तो गावाकडच्या बोलीत पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. "भाऊ, मी काल नावं बदलून ठेवली होती. आत्ता पडला तो तुमचा प्रोग्रॅम. माझा तुमच्या नावाखाली चालू आहे."

बघितलं. खरंच चालू होता.

मी कोणावर जळतोय, आणि कोणता प्रोग्रॅम त्याचा समजून बघतोय, हे मशीनला कसं कळावं?

साहेबांना आम्ही काही बोललो नाही. डेमोच्या दिवशी मी आपणहून गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. दुपारी राजेंद्र पेढा घेऊन आला.

"पास झालं भाऊ. एकदाही पडलं नाही. अजून चालूच आहे, चला आत."

"नको."

"पाहुणे गेले. आता पडलं तरी चालेल."

मी पेढा खाल्ला, पण आत गेलो नाही. पडेल याची भीती होती म्हणावं, तर तसंही नाही; पडलं असतं तर मला आनंदच झाला असता, आणि भीती त्या आनंदाचीच होती. तो एकटाच आत गेला.

पुढे मी नोकरी बदलली. ओळखीच्या इंजिनिअरांना हे सांगतो तेव्हा कोणी लूज कनेक्शन म्हणतं, कोणी योगायोग. नावं बदलल्याचं सांगितलं की ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात.