पांढरी, बसकी गाडी

ज्याला सगळं माहीत असतं आणि तरी जो गप्प बसतो, त्याला काय म्हणायचं?

मला सांगता येत नाही. तो माझा बाप होता.

आज पप्पांना जाऊन एक वर्ष झालं.

गाड्यांचे शौकीन मित्र नेहमी विचारायचे. नगरच्या एका पोचे काढणाऱ्या डेंटरच्या शेडमध्ये जपानी स्पोर्ट्स कार कशी? आणि बाकी सगळी चकाचक असताना डाव्या मडगार्डला एवढा मोठा पोचा का?

आज सांगते.

सत्त्याण्णव साल. मी नुकतीच बी. कॉम. झाले होते, घरातली पहिली ग्रॅज्युएट. पप्पा मला मुद्दाम कामावर सोबत न्यायचे. "लिहायचं काम आमची बेबी करंल. शिकलेली हाय ती."

श्रीगोंद्याचा एक बागायतदार वारला होता आणि त्याची मुलं ही गाडी विकायला काढत होती. पुण्याच्या एका साहेबांना ती घ्यायची होती. किंमत ठरवायला त्यांनी पप्पांना नेलं.

उसाच्या ट्रॉलीमागे उभी होती. पांढरी, दोन दारांची. इतकी बसकी की छत माझ्या छातीपर्यंतच येत होतं. आपल्या जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती.

पप्पांकडे जुन्या स्पीकरचं मॅग्नेट होतं, फडक्यात गुंडाळलेलं. खाली पत्रा असला की ते चिकटतं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पोचा बुजवलेला असला की गळून पडतं.

छत, दारं, डिकी. सगळीकडे चिकटलं. मी वहीत "ओके" लिहीत गेले.

डाव्या मडगार्डवर ते खाली पडलं.

पप्पांनी आत हात घालून चाचपलं. हात बराच वेळ तिथंच राहिला.

मग साहेबांना म्हणाले, "गाडी चांगली हाय. पन घेऊ नका."

कारण सांगितलं नाही. साहेब वैतागून निघून गेले.

महिन्याभराने पप्पांनी ती स्वतःच घेतली. भंगाराच्या भावात. तोवर आमच्या घरात फक्त सायकल होती.

त्यांनी मडगार्डची लांबी खरवडली. खाली खोल पोचा निघाला. आतल्या बाजूला पंचने मारलेले तीन ठिपके होते.

ते ठिपके पप्पा आपल्या प्रत्येक कामावर मारायचे. गाडी त्यांनी बघताक्षणीच ओळखली होती.

त्याच्या अकरा वर्षं आधी तो बागायतदार स्वतः गाडी घेऊन आमच्या शेडवर आला होता. म्हैस आडवी आली म्हणाला. संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे म्हणाला. पत्रा ठोकून काढायला वेळच नव्हता. पप्पांनी आयुष्यात एकदाच नुसती लांबी थापून रंग मारला.

पुढच्या जाळीत हिरव्या बांगडीचा तुकडा अडकला होता.

"म्हशी बांगड्या घालत न्हाईत, बेबी. मला तवाच कळलं हुतं."

त्याच आठवड्यात पेपरात आलं होतं. जामखेडच्या वाटेवर बाजारातून परतणारी बाई. अज्ञात वाहन.

तुकडा त्यांनी नटबोल्टच्या डब्यात ठेवला. आणि गप्प बसले. तो मोठा माणूस, आणि आमची शेड भाड्याची.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट उलगडली. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट आमच्या बाकावर आलं की पप्पा त्यातलं काही न घेता ते पुढे द्यायचे. प्यालाही तसाच. पाप कबूल केल्याशिवाय ते घ्यायचं नसतं. लोक म्हणायचे, मिस्त्री चोरून पितो, म्हणून घेत नाही. पप्पांनी ते कधी खोडून काढलं नाही.

मी पेटले. आत्ताच्या आत्ता जाऊन त्या बाईच्या घरी सांगू म्हणाले. चालवणारा मेला होता, शिक्षा कुणालाच होणार नव्हती. उरलं होतं फक्त सांगणं.

"गाडीसकट जाऊ," पप्पा म्हणाले. "आधी चालती करू."

दीड वर्ष लागलं. स्पेअर कुठेच मिळेनात. कार्बोरेटरचं किट दिल्लीहून मागवलं. ब्रेकचे लायनर जीपचे घेऊन कापून बसवले. दारांचं रबर टेम्पोचं. रंग इतका सुंदर मारला की त्यात तोंड दिसायचं.

मडगार्डला हात लावला नाही. डेंटरच्याच गाडीला पोचा, म्हणून बाकीचे मिस्त्री हसायचे. पप्पा एवढंच म्हणायचे, "लपवायचं काम एकदा केलं. बास."

मग एका सकाळी निघालो. गाव सापडलं, घरही सापडलं. गाडी फाट्यावर लावून चालत गेलो. त्या बाईचा नवरा ओट्यावर बसला होता.

"कुठलं पाव्हनं?"

"नगरचं."

उन्हातून आलेली माणसं म्हणून त्याने तांब्याभर पाणी आणलं. पप्पा सगळं प्यायले. तांब्या खाली ठेवला. "येतो," म्हणाले.

आणि आम्ही परत आलो.

मीही तोंड उघडलं नाही. सत्यावर तावातावाने बोलणारी मी, बी. कॉम. झालेली.

त्यानंतर आमच्या बाकावरून ताट दोघंही पुढे देऊ लागलो.

गाडी पुन्हा बाहेर निघाली नाही. रविवारी चर्चहून आलं की पप्पा सेल मारायचे, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करायचे.

गेलं वर्षभर रविवारी त्याच वेळेला मला तो आवाज येतो. बॅटरी मी कधीच काढून ठेवलीय.

मागच्या महिन्यात एकाने गाडीला मी कल्पनाही केली नव्हती एवढी किंमत सांगितली. अट एकच होती. मडगार्ड नीट करून द्या.



गेल्या मंगळवारी गाडी टेम्पोवर चढवून त्या गावी नेली. पाणी देणारे बाबा आता नाहीत. त्यांचा मुलगा आहे, पंचेचाळिशीचा. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पप्पांचं, आणि माझंही. बांगडीचा तुकडा पुढे केला.

त्याने तो घेतला नाही. गाडीपुढे जाऊन उकिडवा बसला आणि लहान मुलाच्या उंचीवरून तिच्याकडे बघत राहिला.

"मी आईच्या मागं चालत हुतो. आठ वर्साचा. पोलिसांला सांगितलं, पांढरी हुती, बसकी, बेडकावानी. ते म्हनले, अशी गाडीच नसती. बापबी म्हनला, पोरगं भेदरलंय."

मग त्याने पोच्यात हात ठेवला.

"हुती."

त्यानंतर तुकडा मागून घेतला.

मी सगळं कागदावर लिहून, सही करून दिलं. चावी आणि आरसी बुक दिलं. हिचं मी काय करू, असं त्याने विचारलं. म्हटलं, ते तुम्ही ठरवा. लोकांना दाखवा एवढंच.

पप्पा, गाडी त्याच्या दारात लावली आणि मी एसटीने परत आले.

काल रविवार होता. भाकरीचं ताट आलं.

मी ते पुढे दिलं नाही.

तुमची बेबी