तांबड्या गोऱ्ह्याचा आकडा

उभ्या परळ-लालबागेत खोंडांच्या तारुण्याची इतक्या हळुवारपणे वाट पाहणारा दुसरा माणूस झाला नसेल. हे गृहस्थ म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. राहायला काळाचौकीच्या चाळीत, नोकरी परळला, जनावरांच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. पाच-सहा महिन्यांच्या गोऱ्ह्याला एक इंजेक्शन देतात, काही वेळाने रक्त काढतात आणि त्यातला हार्मोन किती वाढला यावरून तो लवकर वयात येणार की उशिरा, याचा अंदाज बांधतात. ते रक्त काका तपासत. नळी उजेडाकडे धरली की त्यांची नजर अशी लांब जाई, की पलीकडे रे रोडची गोदामं नसून हिरवंगार कुरण असावं. घरी गॅलरीत बसले तरी ते त्या कुरणातच. हातातल्या चहावर साय धरे. मला पाहायला आलेल्या मुलाकडेही ते बराच वेळ टक लावून बसले आणि म्हणाले, "खांदा छान भरलाय. नजर मात्र अजून वासराची आहे." मावशी आतून ओरडली, "अहो, तो लोकांचो झील आसा, खोंड नाय!" त्याच मुलाशी माझं लग्न झालं. नजरेचं निदान अचूक निघालं.

एकदा पैदास केंद्रातल्या एका तांबड्या गोऱ्ह्याचा आकडा फारच कमी आला. काका त्याला केंद्रावर भेटले होते. त्याने त्यांच्या शर्टाची बाही चघळली होती. आकडा कमी म्हणजे वळू म्हणून निवड नाही. खच्ची करून बैल. काकांनी साहेबांकडे महिन्याची मुदत मागितली. "अंदाजच आहे हा, साहेब. काहींचं अंग उशिरा भरतं."

साहेब भला माणूस. "पुन्हा तपासा," म्हणाले. "तुम्ही लिहाल ते मी धरीन."

महिन्याने आकडा तेवढाच आला. एक अंक बदलला असता तर कोणाला कळलं नसतं. काका दुपारभर पेन धरून बसले, खरा आकडा लिहिला आणि घरी आले. जेवताना मावशीला म्हणाले, "मी चाळिशीला लग्नाला उभा राहिलो. तू कशी गं थांबलीस?" मावशीने त्यांच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

काका निवृत्त झाल्यावर मी त्यांना केंद्रावर घेऊन गेले. तांबडा आता वैरणीची गाडी ओढणारा थोराड बैल झाला होता. काका कुंपणाशी संकोचून उभे राहिले. तो रवंथ करत जवळ आला आणि त्यांच्या खांद्यावर मान टेकवून डोळे मिटले. काकांनीही मिटले. ऊन कललं, परतीची वेळ होऊन गेली. मला त्यांना हाक मारवेना.