इंगळेची गिनती

फौजेत मी कंपनीचा रेडिओ ऑपरेटर होतो. त्या दुपारी नाल्यात अडकलेल्या गस्तीच्या तुकडीतून नायक इंगळे बोलला, "समोरून फायर वाढून राहिलं. मागे येऊ? ओव्हर."

मेजरसाहेबांनी माझ्या हातून हँडसेट घेतला. "निगेटिव्ह. तिथेच थांब. आउट."

इंगळे थांबला. संध्याकाळी त्याला स्ट्रेचरवर आणलं, चेहरा झाकून. चौकशीत साहेब म्हणाले, "मी मागे बोलावलं होतं. त्यानंच ऐकलं नाही." माझा जबाब कोणी मानला नाही. त्याच्या गावी, सिहोऱ्याला, बायकोलाही हेच कळवलं गेलं.

तेव्हाच ठरवलं, या माणसाच्या तोंडून खरं वदवल्याशिवाय मरायचं नाही, आणि विसरायचं तर मुळीच नाही. पेन्शनीवर जबलपूरला आलो. रम सोडली. रोज पायी सदर बाजार गाठतो, चार लोकांशी बोलतो. डोकं शाबूत पाहिजे ना.

यंदा कळलं, साहेब सदरलाच राहतात. गेलो.

"कोण इंगळे?" साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मॅडम, म्हणजे साहेबांची बायको, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भैया, ते सगळंच विसरून राहिले. रोज दारू, कानाचं मशीन लावत नाहीत, खुर्चीतून हलत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, यानं जास्तच बिघडलं."

अच्छा! म्हणजे विसरून सुटणार? हट्!

दुसऱ्या सकाळी दारात हजर. "चलो साहेब, पीटी." डॉक्टरांना विचारून दारू कमी करत बंद केली. मशीन कानात घातलं. चालवलं, बोलतं केलं. मॅडम मला देवमाणूस म्हणू लागल्या. म्हणोत बापड्या. चालताना मी कंपनीची गिनती घ्यायचो, एकेक नाव, फक्त इंगळेचं गाळून. बघू म्हटलं, याला तो कधी आठवतो.

थंडीत एकदा साहेब घराच्या फाटकापाशी अडले. "एक राहिला. इंगळे." मग मॅडमकडे वळले. "त्यानं विचारलं होतं, मागे येऊ का. मी नाही म्हटलं. नंतर त्याच्यावरच ढकललं." आणि रडायला लागले. मला कीव आली नाही.

मॅडम त्याच दिवशी माझ्यासोबत बसनं सिहोऱ्याला आल्या. सगळं त्यांनीच सांगितलं. इंगळेची बायको म्हणाली, "मी सांगतच होते. हे हुकूम मोडणारे नव्हते." तिनं त्याचा फोटो भिंतीवरून काढला, पदरानं पुसला, परत लावला.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी मला विचारलं, "कोण इंगळे?"

मी मशीन त्यांच्या कानात नीट बसवलं आणि गिनती पहिल्या नावापासून सुरू केली.