कपाटातलं पुरण

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही. लिहायला बसले, तरी दोनदा उठून कुकर लावून आले.

आमच्या घरात फ्रीजरमधलं काहीही काढायचं झालं की मला विचारतात. मटार, पनीर, खवा. माझं उत्तर ठरलेलं. आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेर ओट्यावर नाही. मोठा डबा गोठवूच नका, लहान चपटे डबे करा. नणंदा याला 'वहिनीचा कायदा' म्हणतात आणि हसतात. मी पहिल्यापासूनच काटेकोर, असं सगळ्यांना वाटतं. हा कायदा मी कुठे शिकले—कोण विचारणार?

जालन्यात आमचं दुमजली घर आहे. वर आम्ही राहतो. खाली सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊ रेखा. महालक्ष्म्या खालीच बसायच्या. नैवेद्यातलं पुरण माझ्याकडे, आंबील रेखाकडे. रेखा तीर्थपुरीची. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ती अशी आंबील शिजवायची की पाहुणे पोळी बाजूला ठेवून वाटी पुढे करायचे. एरवी तिचं घरात फार चालत नसे. त्या एका दिवशी मात्र सासूबाईही चारचौघींत तिचं नाव घ्यायच्या.

नैवेद्याचं पुरण त्याच पहाटे, सोवळ्यात शिजायचं. फ्रीजमधलं काही देवीपुढे जायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. त्या वर्षी माझ्या पतसंस्थेत तपासणी चालली होती, रजा मिळेना. मी हिशेबी बाई. आदल्या रविवारीच सगळं पुरण वाटून मोठ्या स्टीलच्या डब्यात भरलं आणि गोठवलं. यात काय बिघडतं? खरं तर तोवर काही बिघडलंही नव्हतं.

पण बर्फ सुटायला ते ठेवायचं कुठे? वर नणंदा उतरलेल्या, गार पाण्यासाठी सारख्या फ्रीज उघडत होत्या. कुणीतरी डबा पाहिला असता. मी तो आदल्या दुपारी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. भादव्यातला दमट उकाडा, बंद कपाट. पहाटे झाकण काढलं तर मधे बर्फाचा गोळा तसाच, आणि कडेचं पुरण कोमट, ओलसर. बोटाला तार आली. वास आंबूस होता.

तो वास मला आला होता. नकळत चूक झाली, असं मला इथे दाखवायचं नाही. मला कळलं होतं.

मी ते कढईत ओतलं, आणखी गूळ घातला, नेहमीच्या दुप्पट जायफळ किसलं. गरम केलं की सगळं मरतं, असं मनाला सांगितलं. जंतू मरतात. तोवर त्यांनी जे विष करून ठेवलेलं असतं ते शिजवूनही राहतं, हे मी नंतर वाचलं. पण आधी माहीत असतं तर टाकून दिलं असतं का? डाळ भिजवायलाही वेळ उरला नव्हता. आणि सासूबाईंना काय सांगणार होते?

संध्याकाळपर्यंत अर्धी पंगत आडवी झाली. सगळ्यांत जास्त त्रास झाला मुक्ताला, रेखाच्या लहानग्या मुलीला. तिला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. मुक्ता जेवायला माझ्या शेजारी बसली होती. आंबिलीची वाटी तिने सरकवून दिली आणि माझ्याकडून तूप घालून पुरणाचा गोळा दोनदा मागून घेतला. रेखा वाढण्यात होती. हे फक्त मी पाहिलं होतं.

दवाखान्यातल्या बाकावर सगळे बसलो होतो. काय बाधलं असेल, यावर बोलणं चाललं होतं. मी गप्प राहिले असते, तरी पुष्कळ होतं. पण सासूबाई माझ्याकडे पाहताहेत असं मला वाटलं, आणि मी विचारलं, "रेखा, ताक कधीचं होतं गं?"

एवढंच. आवाजही चढवला नाही.

रेखा म्हणाली, "ताजंच होतं, ताई. बिलकुल ताजं."

"मंग पीठ जास्त आंबलं असंल," सासूबाई म्हणाल्या. "देवीचं काम होतं. ध्यान न्हाई ठेवलं तू."

रेखा उठून खाटेपाशी गेली आणि पोरीचे पाय चोळत राहिली. दुसऱ्या वर्षी आंबील सासूबाईंनी स्वतः केली. रेखाने नंतर घरी दही लावणंही सोडलं. पाकिटातलं आणते आणि त्यावरची तारीख मला वाचायला लावते. तिची स्वतःची नजर चांगली आहे.

सासूबाई आता नाहीत. मुक्ता मोठी झाली, कॉलेजात आहे. गेल्या महालक्ष्म्यांना ती आईला म्हणाली, मला आंबील शिकव. रेखा हसली. "माझ्या हातची नको. ताईंकडून शीक. त्यांच्या हातून कधी कुणाला बाधलं न्हाई."

आणि मी शिकवली. पीठ किती, ताक केवढं, लसूण केव्हा, सगळं रेखाचंच. शेजारी उभं राहून पाहत आले होते इतकी वर्षं.

पंगतीत सगळे म्हणाले, अगदी जुनी चव आली. रेखाने प्रत्येकाला वाढली. स्वतःच्या ताटात घेतली नाही.