भुजलीचं नाव घ्यायचं नसतं

बपेऱ्याच्या बायाबाई ढिवरणीच्या तोंडी लागायचं धाडस गावात फारसं कोणी करत नसे. कोणी टोपलीतला मासा चिवडून 'शिळा दिसते' म्हटलं, की ती तोच मासा उचलून त्याच्या नाकाशी नेत म्हणे, "तुह्यापेक्षा ताजा आहे, बाप्पा." आधी दोन लेकरं गेली, मग नवरा मंगरू तापानं गेला. मागे उरलं ते कवेलूच्या छपराचं घर, मंगरूचं जाळं आणि ही जीभ. जिभेवरच दिवस निघाले म्हणायचे.

अशा बाईच्या घरी सन अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नॉर्वे देशाची एक बाई राहायला आली. जाळी कशी विणतात, कोणत्या पाण्यात कोणता मासा कसा धरतात, याचा अभ्यास करायला. तिची सोय खरं तर पोलीस पाटील कृष्णरावांकडे केली होती. पण तिथं तिला पलंगावर बसवून चहा पाजत, आणि जाळी तर सगळी मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात. चार दिवसांत ती वळकटी घेऊन बायाबाईच्या ओसरीवर हजर. "मी इथं राहू?" तिनं मोडक्या मराठीत विचारलं.

"राह्य. पण मासे तू घासशील."

तिनं घासले, आणि नीट घासले. तिचा बापही तिकडच्या समुद्रावर मासेच धरायचा, हे कळल्यावर तर बायाबाई तिला शिव्या द्यायला लागली. म्हणजे घरची मानली.

श्रावणात बायकांनी नागपंचमीला टोपल्यांत गहू पेरले, अंधारात वाढवले, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब नदीत शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नेले. यालाच भुजली म्हणतात. त्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या कानांमागं कोंब खोवले, की त्या जन्माच्या जिवलग होतात. सख्ख्या बहिणी भांडतील, पण भुजली भांडणार नाहीत. आणि तेव्हापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाकसुद्धा 'भुजली' म्हणूनच मारायची. नाव घेतलं, की जिचं घेतलं तिच्यावर अरिष्ट येतं. बायाबाईनं आयुष्यात कोणाशी भुजली बदलली नव्हती. "माह्याशी कोण बदलते?" असं ती हसून म्हणायची. त्या वर्षी नदीच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून त्या उंच, लालबुंद बाईनं तिच्या कानामागं कोंब खोवले, तेव्हा मात्र तिला हसता आलं नाही. आपल्या वाट्याचे कोंब सुकल्यावर तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवले.

आता सरकारी कायदा असा, की परदेशी माणूस कोणाच्या घरी उतरला तर घरमालकानं चोवीस तासांच्या आत ठाण्यात पत्त्याची वर्दी द्यायची. तो गावाबाहेर राहून परत आला, की पुन्हा द्यायची. हे काम कृष्णराव करत. एकदा त्यांच्या हातून उशीर झाला, तर भंडाऱ्याहून ताकीद आली: पुन्हा असं घडल्यास बाईंना खेड्यात राहता येणार नाही, त्यांनी नागपूरला जाऊन राहावं.

आश्विनात पाहुणी नदीपलीकडं, मध्य प्रदेशातल्या ढिवरांकडं आठवडाभर राहून आली, ती तापानं फणफणतच. कृष्णराव तर साकोलीला लेकीकडं गेलेले. बायाबाई रात्रभर उशाशी बसली आणि सकाळी शेजारणीला, यशोदाबाईला म्हणाली, "इच्यापाशी बस. मी ठाण्यात जाऊन येतो. नाही त नेतील हिले नागपूरले, अन् रस्त्यातच मारतील." तिनं चांगलं लुगडं नेसलं, कोंब त्याच्या पदराच्या गाठीत बांधून घेतले आणि एसटी पकडली.

ठाण्यात भैय्याजी हवालदार होते. याच भागातले, पोट सुटलेले, स्वभावानं गरीब. त्यांनी लिहायला घेतलं. घरमालकीण कोण, नवऱ्याचं नाव काय, घर कुठं, सगळं बायाबाईनं फाडफाड सांगितलं.

"आता पाहुणीचं नाव सांग."

बायाबाईनं पदराची गाठ मुठीत धरली.

"नाव, बाई! माणसाले नाव असते ना?"

"आहे ना. पण माह्या तोंडानं नाही येत."

"काहून? आत्ता नवऱ्याचं त घेतलं!"

"नवऱ्याचं घेतो, सासूचं घेतो. हे नाही घेत. ते माही भुजली आहे."

भैय्याजींनी लेखणी खाली ठेवली. त्यांच्या आईचीही एक भुजली होती. ती मेल्यावरसुद्धा आईनं तिचं नाव उच्चारलं नव्हतं. "पासपोर्ट आणला का?" त्यांनी आशेनं विचारलं.

"घर माह्यं, पत्ता माह्या घराचा. मले वाटलं, मीच आलो म्हंजे झालं. पासपोर्ट तिच्या पेटीत आहे."

"कप्पाळ! आता मी वरच्या सायबाले का लिहून पाठवू? नाव भुजली, गाव नॉर्वे?" मग त्यांना युक्ती सुचली. "असं कर, मी नावं घेतो, तू नुसती मान हलव. मेरी? रोझी? एलिझाबेथ?" ठाण्यात बसून भैय्याजींना गोऱ्या बायकांची आणखी किती नावं ठाऊक असणार? पाच-सहा नावांत त्यांचा साठा संपला. बायाबाईची मान काही हलली नाही.

"आज जाऊन परत याले एसटी नाही. उद्या पासपोर्ट घेऊन येतो," ती म्हणाली.

"उद्या उशीर होते, बायाबाई. मागची ताकीद आहे ना? नुसतं नाव सांग, मी आजची वर्दी लावतो. बाकीचं मागून कागद पाहून भरू. पण नावाबिगर माह्या हातात काही नाही गा."

बायाबाई उठून बाहेर आली. ठाण्यामागं एक बोडी होती, लहानसं तळं. बायका धुणं आटोपून गेल्या होत्या. ती काठावर बसली. नाव घेतलं नाही, तर त्या तापल्या जिवाला गाडीत घालून नेणार. घेतलं, तर अरिष्ट तिच्यावरच, आणि तेही अशा तापात. मंगरू अशाच तापात गेला होता. इकडे आड, तिकडे विहीर.

मग तिच्या मनात आलं, भुजलीचं नाव घ्यायचं नसतं. पण ती भुजलीच राहिली नाही तर? मग ती कोणी परकी बाई. परक्या बाईचं नाव घेतल्यानं तिला काही होत नाही.

भुजली अशी मोडता येते की नाही, तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं कोणाला मोडताना पाहिलंही नव्हतं. पाण्याकाठी बांधलेलं पाण्यालाच परत द्यावं, एवढंच तिला सुचलं. ती पाण्यात उतरली. पदराची गाठ सोडून सुकलेले कोंब तिनं तळ्यात सोडले. "सोडलं मी तुले," ती म्हणाली. "आता तू माही कोणी नाही. तुले काही होऊ नये, बस्." लेकरांच्या वेळी आणि मंगरूच्या वेळी ती चारचौघांत रडली होती, माणसं धरायला होती. इथं धरायला कोणी नव्हतं. तोंडावर पाणी मारून ती वर आली.

"लिवा," ती भैय्याजींसमोर उभी राहून म्हणाली. "मारित."

"आडनाव?"

"माहीत नाही. मले का करायचं होतं आडनावाचं?"

भैय्याजींनी लिहिलं. तिच्या भिजलेल्या लुगड्याकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. फक्त एसटीपर्यंत स्वतः सोडायला आले आणि कंडक्टरला सांगून तिला पुढची जागा मिळवून दिली.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. ताप थोडा उतरला होता. यशोदाबाईनं पेज करून ठेवली होती. बायाबाई रोजच्यासारखी उशाशी गेली नाही. दाराशीच उभी राहून, भाडेकरणीला विचारावं तसं तिनं विचारलं, "मारित, पेज पेशील का?"

यशोदाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "अवो, नाव घेतलं तू?"

"मोडली मी भुजली," बायाबाई म्हणाली. "ठाण्यात नाव पाह्यजे होतं. पह्यले मोडली, बोडीत कोंब सोडले, मंग घेतलं. तिच्यावर काही येणार नाही आता." आणि मग मोठ्यानं, जणू बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, "मारित! पेज थंडी होऊन राहिली."

पाहुणी जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एव्हाना बपेऱ्याची बोली तिला चांगली कळायची. ती भिंतीकडं तोंड फिरवून पडून राहिली.

"मारित, आयकते का?" बायाबाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं.

"या घरी त्या नावाचं कोणी राहत नाही, भुजली," पाहुणी भिंतीकडं पाहतच म्हणाली, आणि कोपरावर उठून तिनं पेजेसाठी हात पुढं केला.