रत्नप्रभा आणि श्यामकांतभाऊंची चप्पल

मोड आलेले वाल अर्धे सोलून झाले होते, तेवढ्यात रत्नप्रभा परातीत पडली.

माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. बोटं पटापट साली काढत होती आणि तोंड त्याहून पटापट चाललं होतं. भिंतीपलीकडे, तिच्याच घरात, गजर झाला. लवूने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, रात्रपाळीसाठी वेळेवर उठायला डोक्यावर दोन घंट्यांचं घड्याळ आणलंय. ते खणाणलं, ती दचकली आणि वाक्य अर्ध्यावर टाकून आडवी झाली.

आमच्या नाहूरच्या चाळीत हे काही नवीन नव्हतं. रत्नप्रभा मालवणाकडची, अंगाने दणकट. दोन भरल्या कळश्या घेऊन जिना चढेल, पण अचानक मोठा आवाज झाला की कोसळायची. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, फेफरं! आणि फेफऱ्याला चप्पल हुंगवायची. तीही कुणाचीही चालत नसे. ती पहिल्यांदा पडली तेव्हा श्यामकांतभाऊंची चप्पल नाकाशी धरली होती आणि ती लगेच उठली, तेव्हापासून मान त्याच जोडाचा. भाऊ पूर्वी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. संपात गिरणी गेली, हुकूम सोडायची सवय तेवढी राहिली. ती चामड्याची चप्पल ते पायात घालतच नाहीत. दाराबाहेर खिळ्याला टांगलीय, स्वतः रबरी वापरतात.

"भाऊ, चप्पल!" मी ओरडले.

"बाजूला व्हा, वारा सोडा!" भाऊ धावत आले. उजवी नाकाशी धरली. ती उठेना. ओठ निळे पडायला लागले. "डावी आणा रे, डावी!" डावीही धरून झाली. मी रामरक्षा सुरू केली. दोन श्लोक होतात न होतात तोच रत्नप्रभाने मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

"शी! कोणी धरल्यान ही? घाण मारता मेली."

"बघा, गुण आला!" भाऊ म्हणाले.

"गुण कसलो? ह्या वासान माणूस मरात!"

सगळे हसले. मीही हसले, पण तिच्या केसांतले वाल वेचता वेचता म्हटलं,

"रत्नप्रभा, उद्या मोठ्या हॉस्पिटलात चल."

"कित्याक? भावजींची चप्पल आसा मा?"

"आणि चपलेने उठली नाहीस तर?"

तिने परातीतले वाल सारखे केले. मग म्हणाली, "माझी थोरली भैण अशीच गेली, वैनी. लग्नात ताशो वाजलो नि पडली ती पडलीच. लोक म्हणाले, नजर लागली."

मग मी तिला ओढतच नेलं. तिथे डॉक्टर मृणालिनी नावाची तरुण बाई होती. तिने हातापायांना, छातीला तारा लावून कार्डिओग्राम काढला. पट्टी बघितली, बहिणीचं दोनदा विचारून घेतलं.

"हे फेफरं नाही," ती म्हणाली. "बिघाड हृदयात आहे. एक ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी त्याला पुन्हा तयार व्हावं लागतं. तुमच्या हृदयाला त्यात नको इतका वेळ लागतो. तेवढ्यात दचकलात की ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही."

"म्हंजे नळावरची माझी कळशी उचलूच्या आधी दुसरीन आपली घुसवल्यान," रत्नप्रभा म्हणाली. "भांडणात कोणाचीच भरत नाय."

डॉक्टरीण हसली. "अगदी तसंच."

"आणि भांडण मिटतं ते चपलेने का?" मी विचारलंच.

"आपोआप मिटतं. आजवर मिटलं. एखाद्या वेळी मिटलं नाही, तर चप्पल काय, आम्हीसुद्धा वेळेत पोचणार नाही."

रोज गोळी घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. विचारल्याशिवाय दुसरं औषध नको. गजर, घंटा, फटाके कानाजवळ नकोत. इथवर रत्नप्रभा मान हलवत होती. पण हे रक्ताच्या नात्यात उतरतं, मुलीचाही कार्डिओग्राम काढा, असं ऐकल्यावर ती उठूनच उभी राहिली.

"राधाचो नको. पोरीचा लगीन ठरवचा आसा. कळला तर कोण येतलो तिका बघूक?"

घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढेच चालत होती.

लवूने घड्याळ टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात घातलं. माझा देव्हारा तिच्या भिंतीला लागून, म्हणून पूजेची घंटा मी कपाटात ठेवली. देवाला सांगितलं, आता टाळीवर भागव. भागवतोय बिचारा. श्यामकांतभाऊ मात्र रुसले. "त्या डॉक्टरीणबाईंनी माझी चप्पल बघितली तरी का?" असं ज्याला त्याला विचारत राहिले. मग एका संध्याकाळी कुल्फीवाला घंटा वाजवत चाळीत शिरला. भाऊंनी खिळ्यावरून चप्पल काढली आणि त्याच्या अंगावर धावून गेले.

"वाजव, वाजव! पुन्हा वाजवून तर बघ!"

आता कुल्फीवाला फाटकात मुकाट उभा राहतो, कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखा. पोरं त्याला शोधत फिरतात. "म्हटलं नव्हतं, गुण चपलेतच आहे?" भाऊ म्हणतात. रत्नप्रभालाही ते पटलंय.

राधाचा विषय मात्र ती काढू देत नव्हती. काल नळावर कुणाच्या तरी हातून हंडा निसटला, फरशीवर दणदणला. राधा तिथेच होती. नळ घट्ट धरून ती मटकन खाली बसली. "काही नाही गं आई, जरा डोळ्यांपुढे अंधारी आली," म्हणाली आणि हसली. रत्नप्रभा दारातून बघत होती. ती हसली नाही.

आज सकाळी मी पुन्हा वाल सोलायला बसले होते. ती आली, खाली बसली नाही.

"वैनी, तुम्ही येशात मा आमच्यावांगडा हॉस्पिटलात?"

"आणि लग्नाचं काय?"

"लग्नाक आधी पोरगी तरी जिती होयी मा!"

वाल निम्मे राहिलेत. ते ताटाखाली झाकून ठेवलेत, संध्याकाळी बघू. आता राधाचा कार्डिओग्राम काढायला हॉस्पिटलात जायचंय.